शरणपूरची माणसं, मोंबासाची वाट

मिशन हॉस्पिटलात नाताळ म्हणजे सुट्टी नव्हे. उपासना, वॉर्डावॉर्डांतून गाणी, सगळ्या स्टाफला बोकडाचं जेवण, आणि मध्यरात्री कुठेतरी मटाटू, म्हणजे इथली वडापची गाडी, उलटून आलेले जखमी. त्यामुळे आमचा समुद्र दरवर्षी नाताळ उरकल्यावरच येतो. आम्ही राहतो केनियात, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर, सात हजार फुटांच्या आसपास. इथे डिसेंबरातही रात्री शेकोटी लागते आणि डास औषधालाही सापडत नाही. किनाऱ्यावर मात्र मलेरिया आहे, म्हणून निघण्याआधीच मुलांच्या मागे गोळ्या घेऊन धावावं लागतं. सर्जन असलेल्या बापाला स्वतःच्या पोराला गोळी गिळायला लावता येत नाही, हे दृश्य त्याच्या पेशंटांनी एकदा बघायला हवं.

पहाटे धुक्यात निघालो. जुनी टोयोटा नोहा, मागे थालीपिठांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास. बाहेरच्या बाहेर वळण घेऊन नैरोबी टाळली, पण म्लोलोंगोपाशी मालट्रकांच्या रांगेत अडकलोच. मोंबासा बंदरात उतरलेला माल याच रस्त्याने युगांडाला, रवांडाला जातो. नैरोबी ते मोंबासा अंतर पाचशे किलोमीटरहून थोडं कमीच, पण बराचसा रस्ता एकपदरी. समोरून ट्रक, मागून बस, आणि मधे ओव्हरटेक करणारा कुणीतरी देवावर फारच विश्वास असलेला इसम. रस्त्यावर झाडाच्या फांद्या पडलेल्या दिसल्या की ब्रेकवर पाय जातो, कारण पुढे हमखास एखादा ट्रक बंद पडलेला असतो.

मकिंडूला न थांबता मोंबासाला जाणारा भारतीय मी अजून पाहिलेला नाही. रेल्वेच्या काळात इथल्या शीख कामगारांनी प्रार्थनेची जागा केली, आणि आजचा गुरुद्वारा उभा राहिला १९२६ साली. डोकं झाकायचं, चपला काढायच्या आणि पंगतीत बसायचं. वरण, भाजी, चपाती, खीर. पैसे कुणी विचारत नाही, धर्म तर नाहीच. आमच्या पंगतीत सोमाली ट्रकवाले होते, एक गुजराती कुटुंब होतं, आणि चपात्या वाढणारा इथल्या कांबा जमातीचा मुलगा "सत् श्री अकाल" इतकं झोकात म्हणत होता की धाकट्याने तेच पाठ केलं. आमच्या चर्चमधल्या लोकांनी इथून एखादी गोष्ट शिकायची तर ती जेवणाची: आधी खाऊ घाला, मग बोला. आम्ही नेमकं उलटं करतो, आणि भाषणही लांबवतो.

पुढे म्टिटो आंडेई, म्हणजे निम्मा रस्ता. तिथून त्सावोचं राष्ट्रीय उद्यान सुरू होतं आणि माती एकदम कुंकवासारखी लाल होते. इथले हत्तीसुद्धा लालच, धुळीत लोळून लोळून. थोरलीला हत्तींपेक्षा नरभक्षक सिंहांत जास्त रस. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना उचलून न्यायला सुरुवात केली, ही गोष्ट तिला दरवेळी ऐकायची असते. पुस्तकात त्या सिंहांना मारणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचा फोटो असतो. मी तिला मजुरांबद्दल सांगते. १८९६ ते १९०१ या काळात रेल्वेसाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त माणसं आणली गेली, आणि अडीच हजारांच्या आसपास माणसं इथेच मेली. सिंहांच्या वाट्याला त्यांतली थोडीच आली, बाकी ताप, हगवण, अपघात. आता त्याच वाटेने २०१७ साली सुरू झालेली नवी रेल्वे उंच खांबांवरून धडधडत जाते, आणि हत्ती खालून निवांत पलीकडे जातात.

व्होईच्या पुढे हवा जड होते. आमच्या घरी झाकण लावलेली पाण्याची रिकामी बाटली इथे आपोआप चेपायला लागते. उंची उतरल्याचा हा पुरावा मुलांना समुद्रापेक्षाही आवडतो. मग गोरखचिंचा दिसू लागतात, जाड बुंध्याच्या, फांद्या जणू मुळंच आकाशात गेल्यासारख्या. आपल्याकडेही काही ठिकाणी ही झाडं आहेत, आफ्रिकेतून आलेली. मारियाकानीनंतर नारळ, आणि माझेरासपाशी आम्ही डावीकडे राबाईला वळलो. मुलांची भुणभुण होती की समुद्र समोर असताना म्युझियम कशाला. पण मी नाशिकच्या शरणपूर रोडवर वाढलेली मुलगी, आणि राबाई टाळून पुढे जाणं मला जमत नाही.

राबाई म्हणजे केनियातल्या ख्रिस्ती मिशनचं मूळ. जर्मन मिशनरी योहान क्राफ १८४४ साली मोंबासाला आला. दोनेक महिन्यांत बायको रोझिना आणि नुकतीच जन्मलेली मुलगी दोघी तापाने गेल्या. त्यांना त्याने बेटासमोरच्या किनाऱ्यावर पुरलं आणि तो इथेच राहिला. १८४६ साली तो आणि त्याचा सोबती मिशनरी रेबमान या राबाईच्या टेकडीवर आले. रेबमानने १८४८ मध्ये किलिमांजारोवरचं बर्फ पाहिलं, तर युरोपातल्या पंडितांनी विषुववृत्तावर बर्फ कसं असेल म्हणून त्याला वेड्यात काढलं. हे सगळं तिथे नीट लिहून ठेवलंय. जर्मन नावं पाटीवर ठळक असतात.

माझं मन ज्यांच्यात अडकतं ते मात्र पाटीवर बारीक अक्षरात सापडतात. इंग्रजांच्या नौदलाने अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली की त्यातली मुलं मुंबईला उतरवत. काहींना नाशिकला पाठवलं जाई. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइसने १८५४ साली तिथे शरणपूरची वसाहत सुरू केली होती. सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख. आफ्रिकेतून पळवलेली ही पोरं गोदावरीकाठी वाढली, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि मग मिशनला सुचलं की आफ्रिकेत काम करायला यांच्याहून योग्य कोण? विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड हे असे राबाईला आले. रेबमान म्हातारा होत होता, डोळे गेले होते, आणि काम हे लोक सांभाळत होते.

जोन्सची गोष्ट मुलांनीसुद्धा गप्प बसून ऐकली. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईत आसऱ्याला येत आणि तो त्यांना ठेवून घेई. मालक हत्यारं घेऊन दारात यायच्या बेतात. शेवटी १ जानेवारी १८८९ रोजी ब्रिटिश कंपनीने मालकांना भरपाई देऊन हजाराहून जास्त माणसांच्या हातात मुक्ततेचे कागद ठेवले. धाकट्याने विचारलं, "म्हणजे तो पण आधी गुलामच होता ना?" हो म्हटलं. "मग त्याला कुणी भरपाई दिली?" डॉक्टरांनी, म्हणजे पोरांच्या बापाने, गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली.

मोंबासा बेट ओलांडून न्याली पुलावरून उत्तरेला गेलं की फ्रिअरटाउन येतं. सर बार्टल फ्रिअर, मुंबईचा गव्हर्नर, ज्याच्या नावाने आपलं फ्लोरा फाउंटन व्हायचं होतं, तोच हा. १८७३ साली झांझिबारचा गुलामबाजार बंद करण्याच्या करारासाठी तो इथे आला होता, आणि मुक्त गुलामांची वसाहत वसवण्याचा आग्रह त्याचाच. वसवायला १८७५ साली आला कोण? पुन्हा प्राइस, आणि त्याच्याबरोबर नाशिकची माणसं. मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंगस्टनचं शव १८७३-७४ मध्ये आफ्रिकेच्या पोटातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे दोघे नाशिकचेच. वेलिंग्टन पुढे इथेच राहिला, १९३५ साली गेला. जुन्या चर्चजवळच्या चौकात वसाहतीची घंटा अजून उभी आहे. भोवती टुकटुकांचा कलकलाट आणि फोन रिचार्जची दुकानं. मी फोटो काढत होते तेव्हा एका भाजीवाल्या बाईने (इथे बाईला 'मामा' म्हणतात) विचारलं, कुठल्या तुम्ही? नाशिक सांगितलं. तिने मान डोलावली आणि टोमॅटोचा भाव सांगितला.

मग एकदाचा समुद्र. उत्तर किनाऱ्यावर एका चर्चचं साधं गेस्टहाउस आहे, मच्छरदाण्यांना भोकं असलेलं आणि म्हणूनच परवडणारं. डिसेंबरात कस्काझी, म्हणजे ईशान्येचा वारा, वाहतो. पाणी निवळ असतं, पावसाळ्यातलं शेवाळ नसतं. याच वाऱ्यावर शतकानुशतकं अरबस्तानची आणि कच्छ-काठियावाडची गलबतं इथे उतरत आली. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की प्रवाळाच्या रांगेपर्यंत चालत जाता येतं. डबक्यांत तारामासे, निळे चिमुकले मासे, आणि काळे काटेरी समुद्री साळिंदर, त्यामुळे चपला घालूनच जायचं. डॉक्टर सकाळी पाण्यात उतरत ते जेवणापर्यंत बाहेर येत नसत. माणूस दहा वर्षांनी लहान दिसतो इथे.

खाण्याबद्दल लिहायलाच हवं. सकाळी माहामरी, म्हणजे नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाचे वेलची घातलेले वडे, आणि बरोबर म्बाझी, म्हणजे ओले तुरीचे दाणे नारळाच्या रसात. तुरीचं असं काही होऊ शकतं हे मला चाळिशीत कळावं! दुपारी शहाळं, संध्याकाळी वाळूत विळी घेऊन बसलेल्या माणसाकडून कच्चा आंबा, तिखट-मीठ लावून.

आता एक गोष्ट मिशनवाल्यांच्या घरातली. वर्षातून तीनदा आम्ही मदत करणाऱ्या मंडळ्यांना पत्र पाठवतो. त्यात ऑपरेशन थिएटरचा फोटो असतो, नव्या विहिरीचा असतो. सुट्टीचा कधीच नसतो. वर्गणीच्या पैशांवर समुद्रात डुंबतात, असं कुणाला वाटू नये म्हणून. मला हे पटत नाही. रोझिना क्राफच्या जमान्यात माणसं झिजून मेली तर ते शौर्य ठरायचं. आज एक थकलेला सर्जन चुकीची नस कापेल, आणि त्याची किंमत भलताच कुणीतरी मोजेल. यावर आमचं गच्चीत बसून बरंच वाजलं. शेवटी पत्रात दोन फोटो गेले: एक फ्रिअरटाउनच्या घंटेचा, आणि एक डॉक्टरांचा, गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्याला मुलीची गुलाबी टोपी.

नगरच्या एका मावशींचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. घंटेबद्दल अक्षर नाही. मुलं काळवंडली आहेत, बरं झालं गेलात, आणि तिथे बोंबील मिळतात का? कळवलं: बोंबील नाहीत मावशी, पण सुरमई ताजी मिळते.