एक्सरे क्लिअर होता, मग टीबी कसा?

वहिनीच्या आजारपणापासून हा प्रश्न मला सारखा येतो, की खोकला नाही, छातीचा एक्सरे क्लिअर, मग टीबी कसा निघाला आणि कळायला एवढा वेळ का लागला? तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

टीबी फुफ्फुसातच होतो असं नाही हो. आतड्याला होतो, पोटाच्या आतल्या अस्तराला होतो, आणि अशा बऱ्याच पेशंटचा एक्सरे नॉर्मलच येतो. लक्षणं म्हणाल तर पोटदुखी, वजन उतरणं, संध्याकाळची कणकण, भूक नाही. ह्यात टीबीच असं ठामपणे सांगणारं काय आहे?

वहिनीचं पोट फुगायला लागलं तेव्हा आधी गॅसेसच्या गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि रक्तात सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरचा संशय असला की तपासतात ते प्रथिन) भरपूर वाढलेलं आलं, झालं, घरात सगळ्यांचे हातपाय गळाले, कारण गूगल केलं की ओव्हरीचा कॅन्सर हेच पहिलं येतं. पण सीए-१२५ पोटाच्या टीबीतही खूप वाढतं! एका ठिकाणी तर थेट गर्भाशय, ओव्हरी काढायचं बोलणं सुरू झालं होतं. आम्ही सेकंड ओपिनियन घेतलं, ते डॉक्टर म्हणाले आधी पाणी तपासू, मग तुकडा काढून तपासू (बायोप्सी), मगच पुढचं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) वाढलेला (साधारण ३९-४० च्या वर गेला की टीबीचा संशय बळावतो). सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) मात्र निगेटिव्ह. पोटातल्या पाण्यात जंतू फार कमी असतात म्हणून ती टेस्ट बऱ्याचदा चुकते, निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही असं धरू नका, आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) तर कित्येक आठवडे लागतात. शेवटी दुर्बिणीने बघितलं, अस्तरावर खसखशीएवढे पांढरे ठिपके होते, त्याच्या बायोप्सीत टीबी निघाला.

आतड्याच्या टीबीचं तर अजून अवघड. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार) आणि टीबी दोघांनाही छोटं आतडं मोठ्याला मिळतं ती जागा आवडते, दोन्हीत अल्सर, दोन्हीत ग्रॅन्युलोमा (पेशींची बारीक गाठ) दिसू शकतो. आणि क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी उसळतो. म्हणून कधीकधी डॉक्टर टीबीची औषधं आधी चालू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी करून अल्सर भरले का बघतात. हे अंधारात तीर मारणं नाही, मला तरी तो समजूतदारपणा वाटतो. उशीर झाला की प्रत्येक वेळी डॉक्टरच चुकले असं नसतं. पण मोठं ऑपरेशन किंवा स्टेरॉइड आधी आणि बायोप्सी नंतर, असं कोणी म्हणालं तर प्लीज थांबा आणि विचारा.

अजून एक, ताट-वाटी वेगळी करू नका. टीबी फक्त पोटात असेल आणि फुफ्फुसं क्लिअर असतील तर घरात लागण होत नाही. आमच्याकडे एक मावशी वहिनीच्या हातचा चहा घेईनात, तिला किती लागलं ते मी बघितलंय.

औषधं साधारण ६ महिने, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि निक्षय पोषण ह्या टीबी पेशंटच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, त्यासाठी बँकेचे डिटेल्स लगेच द्या. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिन ह्या टीबीच्या औषधामुळे, त्याला घाबरू नका. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, लिव्हरची टेस्ट करतील.