नाथांच्या पालखीतली आमची माणसं

नाथांची, म्हणजे संत एकनाथांची, पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पंढरपूरसाठी पैठण सोडते आणि शिरूर कासार येईतो माणसांची बोलण्याची तऱ्हाच पालटते. आमच्या दिंडीत मराठा, वंजारी, माळी, धनगर, मातंग अशी सगळ्या घरांतली माणसं. २०२३-२४च्या मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादात आमच्या गावात गिऱ्हाईक दुकानदाराची जात बघू लागलं होतं. त्याच गावातले दोघे, एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जाणारे, पाटोद्याच्या वाटेवर एकमेकांच्या पाया पडताना मी पाहिले. आधी विणेकऱ्याच्या पाया पडायचं, मग शेजाऱ्याच्या. तिथं निवड नसते. मला वाटतं, मन नंतर बदलतं. आधी वागणं बदलतं, कारण कपाळी बुक्का, गळ्यात टाळ आणि चालायची जागा ठरलेली असते. हाक एकच, 'माऊली'. आडनाव निघालं की भावकी निघते, मग निवडणूक निघते. जुने वारकरी ते निघूच देत नाहीत.

पण 'आपली माणसं' म्हटलं की बाहेरची माणसंही तयार होतात, हे दिंडीतही चुकत नाही. एका मुक्कामी टँकर उशिरा आला. शेजारच्या दिंडीतली म्हातारी कळशी घेऊन आली, तर आमच्यातला एक जण म्हणाला, "मावशे, हे आमच्या दिंडीचं पाणी हाय." दिवसभर सगळ्यांना माऊली म्हणणारा माणूस! त्यानं जात पाहिली नव्हती, दिंडी पाहिली होती. विणेकरीबाबांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, कारण ती खाली ठेवत नाहीत, आणि म्हातारीची कळशी स्वतः भरून दिली. एक शब्द बोलले नाहीत. मग पोरंच पुढं झाली आणि त्या दिंडीच्या घागरी भरू लागली. नियमापेक्षा मानाचा माणूस काय करतो, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

पुढं पारगाव घुमऱ्याच्या रिंगणात पताकावाले, तुळशीवाल्या, टाळकरी धावले, तेव्हा कोण कुठल्या दिंडीतलं हे कुणी पाहत नव्हतं.

श्राद्धाचं अन्न नाथांनी गावकुसाबाहेरच्या माणसांना वाढलं, ही कथा कीर्तनात ऐकून आमचा सगळा गाव डोळे पुसतो. सप्ताहात मात्र पंगत वाढायची पाळी गल्लीवार लागते, आणि गल्ली म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. यंदा वाढप्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढायची, असं आम्ही वारीत गेलेल्यांनी बैठकीत मांडलंय. दोन गल्ल्यांचा होकार अजून यायचा आहे. त्यांच्याकडे रोज कुणीतरी जाऊन बसतोय.