नाइलाजाचा धूर

लॅफ्रॉइग या स्कॉच व्हिस्कीचा ग्लास पहिल्यांदाच नाकाशी नेणाऱ्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. तो दचकून मागे सरकतो आणि म्हणतो, "अरे, याला तर दवाखान्याचा वास येतोय!" त्याचं काही चुकत नाही. फिनॉल, क्रेसॉल ही या वासामागची मंडळी, आणि जुन्या कार्बोलिक साबणातही तीच असायची. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात ही व्हिस्की तिथे औषध म्हणून खपायची, असं सांगतात. वास घेतल्यावर त्यात अवघड काही वाटत नाही. हौसेने हे कोण पिईल, असंच अधिकाऱ्यांना वाटलं असणार.

हौस नव्हतीच मुळी. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे (हसू नका, उच्चार खरंच तसा आहे), लॅफ्रॉइग तिथलीच. वारा भरपूर, झाडं कमी. माल्ट करायचं तर बार्ली भिजवून, मटकीला आणतात तसे मोड आणून, मग वाळवावी लागते. त्या ओल्या हवेत ऊन कुठलं, आणि जाळायला लाकूड तरी कुठलं? हाताशी होतं ते पीट, म्हणजे दलदलीत शेवाळ, गवत आणि हेदरची झुडपं अर्धवट कुजून साचलेला काळा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे फावडं मीटरभर खाली गेलं की आपण हजार वर्षं मागे. या थराच्या विटा कापायच्या, वाऱ्यावर सुकवायच्या आणि बार्लीखाली पेटवायच्या. धूर दाण्यांत शिरायचा, कारण त्याला अडवायची सोयच नव्हती.

पुढे मुख्य भूमीवर रेल्वे आली, तिच्यामागून कोळसा आला आणि तिथल्या व्हिस्कीतला धूर हळूहळू ओसरला. बेटावर तो राहिला. आज मात्र बेटावरही सक्ती उरलेली नाही. तिथलीच बुनाहाव्हन ही डिस्टिलरी बहुतेक माल बिनधुराचाच काढते. म्हणजे आता धूर मुद्दाम, मोजून-मापून दिला जातो आणि आपण त्याचे जादा पैसे मोजतो.

मोजण्याचंही एक वेडच झालंय. फिनॉलचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती, असं सांगतात. आयलाच्याच व्हिस्क्या घ्या: लॅगाव्हुलिन पस्तिसाच्या आसपास, आर्डबेग पंचावन्नच्या, आणि ऑक्टोमोरची एक आवृत्ती तर थेट ३०९. पार्टीत हे आकडे मिरचीच्या तिखटपणासारखे फेकले जातात. पण हे मोजमाप माल्टचं असतं, बाटलीतल्या व्हिस्कीचं नव्हे. भट्टीत आणि पिंपात त्यातलं बरंच गळून जातं. मला तर सोळा वर्षं मुरलेली लॅगाव्हुलिन १६ च जास्त आवडते. तिच्यात धुराआडून सुक्या मनुकांचा गोडवा डोकावतो आणि घोट गिळल्यावरही जीभ बराच वेळ कामात असते.

आणि हो, पाण्याचे चार थेंब घालावेत. "नीटच प्यायची", म्हणजे पाण्याशिवाय, म्हणणाऱ्यांना खुशाल सांगा की २०१७ साली स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर हे तपासलंय. मद्यार्काचं प्रमाण उतरलं की धुराचा वास देणारा ग्वायकॉल पृष्ठभागाकडे, म्हणजे आपल्या नाकाकडे येतो. बर्फाबद्दल मात्र मी कुणाशी वाद घालत नाही. बर्फ टाकणाऱ्याला स्वस्तातली बाटली द्यावी.

गोव्यात तर धुराची गरज कधीच नव्हती. तरी तिथल्या पॉल जॉन डिस्टिलरीच्या 'बोल्ड' व्हिस्कीसाठी आयलाचंच पीट आणतात. धूर उसना आणता येतो, हवा आणता येत नाही. स्कॉटलंडात पिंपातली व्हिस्की वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, गोव्यात त्याच्या कितीतरी पट. सोळा वर्षं वाट बघत बसलं तर भरायला काय उरेल? त्यामुळे ती लवकर मुरते आणि लवकर बाटलीत भरावी लागते. इथला नाइलाज उकाड्याचा आहे, आणि 'बोल्ड'मध्ये धुरामागून जो मधाळ दाटपणा येतो तो मला त्याचाच वाटतो.