आमची वाटचाल: मोठी पोकलेन घेण्याआधीचं गणित

वणी-घुग्घुस पट्ट्यात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या, निलजई, मुंगोली, उकणी, जुनाड अशा खुल्या कोळसा खाणी आहेत. कोळशावरची माती आणि दगड, म्हणजे ओबी, हटवण्याचं काम मोठे ठेकेदार घेतात आणि आमच्यासारखे छोटे मालक त्यांना पोकलेन-टिपर भाड्याने देतात. आम्ही एका 20 टनी पोकलेनवर सुरुवात केली. वरचा थर काळ्या मातीचा असल्याने तिथे ती पुरेशी होती. खाली कामठी वालुकाश्म, म्हणजे वाळूचा कठीण दगड, लागला, ब्लास्टिंगचे धोंडे उचलायची वेळ आली, तेव्हा 2 घनमीटर बकेटची 35 टनी मशीन घेतली.

काम वाढलं तसा सगळ्यांचा सल्ला एकच: आता 50 टनीच घ्या. आम्ही आधी घड्याळ घेऊन फेसवर, म्हणजे जिथे खोदाई चालते तिथे, उभे राहिलो.

आमचा टिपर 16 घनमीटरचा. 2 घनमीटर बकेटने 8 बकेट लागतात. एका बकेटला 25 सेकंद, टिपर लावायला 40, म्हणजे भरायला 4 मिनिटं. माल टाकायची जागा, म्हणजे डंप, 2 किलोमीटरवर. भरून जाताना 8 मिनिटं, रिकामं येताना 5, खाली करायला 2. एकूण फेरी 19 मिनिटांची. पोकलेन सतत चालती ठेवायला 5 टिपर पुरतात आणि तासाला 15 खेपा निघतात. 3.2 घनमीटर बकेटची 50 टनी मशीन 5 बकेटमध्ये टिपर भरते, पावणेतीन मिनिटांत. पण टिपर तेच 5 असतील, तर खेपा जेमतेम 17 होतात आणि बाकी वेळ ती मशीन डिझेल जाळत टिपरची वाट पाहते. बकेट दीडपटीहून मोठी, काम मात्र फार तर आठव्या हिश्शाने जास्त! हे आकडे हाती आले आणि आम्ही मोठ्या मशीनचा विचार बाजूला ठेवला.

ओबीचं बिल खेपांवर नाही, जागेवरच्या, म्हणजे न खोदलेल्या मालाच्या, मोजणीवर निघतं, हेही नव्या मालकांनी ध्यानात ठेवावं. खोदलेला माल साधारण 30 टक्के फुगतो, त्यामुळे 16 घनमीटरच्या टिपरात जागेवरचे 12 घनमीटरच असतात. टिपराला चिकटून परत येणारी काळी माती तर प्रत्येक खेपेला जागा अडवते आणि तेवढा माल कमी जातो. पावसाळ्यात आम्ही प्रत्येक पाळीत ट्रॉली खरवडून घेतो.

सगळ्यात जास्त फायदा मात्र रस्त्याने दिला. हॉल रोडचा, म्हणजे टिपरांच्या वाहतुकीच्या रस्त्याचा, चढ 1:16 पेक्षा (16 मीटर अंतरात 1 मीटर उंची) तीव्र नसावा, हा नियम सुरक्षेसाठी आहे, पण तो पाळला की गियर कमी बदलतात, टायर टिकतात आणि फेरी लवकर होते. ठेकेदाराचा ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, दुसरीकडे असला तरी आम्ही आमच्या पोकलेनने खड्डे बुजवून घेतो. चालकांना हे सांगावं लागत नाही आता, तेच फोन करतात: "दादा, वळणावर पाणी साचलंय, पोकलेन पाठवा."

सध्या डंप लांब गेला आहे आणि लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, 3 किलोमीटर झाला आहे. फेरी साडेपंचवीस मिनिटांवर गेल्याने 5 टिपरांत पोकलेन रिकामी राहते. म्हणून या दिवाळीनंतर पोकलेन तीच ठेवून आणखी 1 टिपर घेणार आहोत. दुसऱ्या टिपरचा निर्णय पुढच्या बेंचची, म्हणजे खोदाईच्या पुढच्या टप्प्याची, मोजणी झाल्यावर घेऊ.