अल्फाफोल्ड आलं, मग तुम्ही काय करता?

अल्फाफोल्ड, म्हणजे प्रथिनाची घडी (त्याचा त्रिमितीय आकार) ओळखणारा एआय प्रोग्राम, आल्यावर मी काय करते हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका लग्नाच्या पंगतीतही मला हेच विचारलं गेलं होतं: "काकू, अल्फाफोल्ड आलं ना आता? मग तुम्ही काय करून राहिल्या?" विचारणारा बहुधा इंजिनिअरिंगचा मुलगा असतो, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यासाठी मिळालं हे त्याला पाठ असतं.

मी अंड्याचं टरफल, मोत्याचा शिंपला, दात यांतली प्रथिनं कॉम्प्युटरवर तपासते. कोंबडी साधारण वीस तासांत टरफल बांधते. त्यातलं जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. पण चुनखडीच्या खाणीत अंड्याएवढं रेखीव काही सापडत नाही. स्फटिक कुठे सुरू व्हावा, कुठे थांबावा, हे उरलेल्या चिमूटभर भागातली प्रथिनं पाहतात. माझं गिऱ्हाईक तीच.

आता अल्फाफोल्ड. अमिनो आम्लांची साखळी (प्रथिन म्हणजे हीच) द्या, ते तिची घडी दाखवतं, आणि आपल्याला किती खात्री आहे तेही रंगात सांगतं: गुण नव्वदच्या वर गेले तर गडद निळा, पन्नासच्या खाली आले तर नारिंगी. माझ्या भाच्याने हौसेने शिंपल्याचं एक प्रथिन टाकलं. पडद्यावर नारिंगी शेवयांचा गुंता. "मावशी, फेल गेलं हे."

फेल नाही रे बाबा. जपानी मोत्याच्या शिंपल्यात आस्पीन नावाचं एक प्रथिन आहे, त्यात दर पाचातली तीन अमिनो आम्लं अ‍ॅस्पार्टिक. सगळी ऋण भाराची, एकमेकांना ढकलणारी. अशी साखळी घडी घालून बसेलच कशी? ती पाण्यात मोकळी लोंबते आणि कॅल्शियम धरते. दातांच्या एनॅमलमधलं अमेलोजेनिन, हाडांतलं ऑस्टिओपॉन्टिन, यांनाही ठरलेला आकार फारसा नाही. आययूप्रेडसारखं साधन नुसत्या क्रमावरून कुठला भाग बेघडी राहील ते सांगतं. मी आधी ते चालवते, अल्फाफोल्ड मग.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. चित्र देखणं दिसावं म्हणून मुलं नारिंगी भाग कापून टाकतात. खनिजाला हात घालणारा भागच गेला! अर्थात त्यांना काय बोलू, मीही एकदा तेच केलंय. शिंपल्याच्या एका प्रथिनाचे नातेवाईक शोधायला ब्लास्ट, म्हणजे साखळ्यांचे क्रम जुळवून पाहणारं साधन, चालवलं होतं. तीन आठवडे काहीच हाती लागेना. मग निकालाची फाइल नीट उघडून पाहिली तर अ‍ॅस्पार्टिकच्या रांगेच्या जागी सगळीकडे एक्स, एक्स, एक्स. एकसुरी तुकडे झाकणारा फिल्टर चालू राहिला होता. ब्लास्ट १९९० पासूनचं भरवशाचं औजार, पण त्याच्या लेखी माझं प्रथिन म्हणजे कचरा. फिल्टर बंद केला तर दुसरं टोक: जगातली सगळी अ‍ॅस्पार्टिकवाली प्रथिनं आपली नातलग म्हणून रांगेत उभी. लग्नात असतात ना, कुणाकडचे ते कळत नाही, तसे. तेव्हापासून मी आधी सिग्नलपी लावते (पेशीबाहेर पाठवण्याची चिठ्ठी प्रथिनाला जोडलेली आहे का ते त्यात कळतं) आणि उरलेल्या यादीवर डोळे घालते.

सगळीच प्रथिनं अशी मोकाट नसतात. टरफलातलं ओव्होक्लेडिन-१७ छान घडीचं आहे. २०१० मध्ये ब्रिटिश संशोधकांनी महासंगणकावर त्याच्या हालचालींची नक्कल चालवली: ते कॅल्शियम कार्बोनेटच्या बारक्या कणाला घट्ट धरतं, कणाला वळण लागेपर्यंत सांभाळतं, आणि कण मोठा झाला की सोडून पुढच्याकडे जातं. वर्तमानपत्रांनी त्यावरून "आधी कोंबडी" असा निकाल लावून टाकला. मला त्या धरण्यासोडण्याचंच अप्रूप आहे, कारण नुसत्या घडीच्या चित्रात ते दिसत नाही. त्यासाठी समोर स्फटिक ठेवावा लागतो. लाळेतलं स्टॅथेरिन दाताच्या खनिजावर कसं बसतं ते पाहायला रोझेटा या प्रथिनांच्या घडीच्या प्रोग्रामची खास पृष्ठभागासाठीची आवृत्ती वापरली गेली. मी बहुतेक वेळा ग्रोमॅक्सवर (अणूंच्या हालचालींची नक्कल करणारा प्रोग्राम) कॅल्साइटची, म्हणजे टरफलातल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकाची, लादी मांडते, वर पाणी ओतते, कॅल्शियम सोडते आणि साखळी लोंबती ठेवते.

तिथेही फसगत आहेच. नेहमीच्या गणितात कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त चिकट निघतं. एकदा आम्लाला धरलं की सोडायलाच तयार नाही, आणि सुरेख आलेख तयार होतो. सुरेख आलेख आला की मी आता आधी कॅल्शियमचे आकडे बदलून पुन्हा चालवते.

भाच्याला पटेना, म्हणून स्वयंपाकघरात नेलं. पेल्यात व्हिनेगर, त्यात अंडं. दुसऱ्या दिवशी टरफल विरघळलं आणि हातात रबरी गोळा आला, आतल्या पातळ पडद्यात बांधलेला. त्याने तो दाबून पाहिला, मग व्हिनेगरकडे बोट दाखवलं. "म्हणजे तुझी प्रथिनं यात गेली?"

काही गेली असतील, म्हटलं. फेकू नकोस.

मे महिन्यात नागपुरात हे सगळं चालवायचं म्हणजे कूलर आधी मशीनकडे फिरवावा लागतो. आत्ताही फिरवलाय. कालपासून एक लादी चालू आहे, साखळीचं एक टोक चिकटलंय, दुसरं अजून वर हलतंय. वीज गेली नाही तर सकाळी कळेल.