मिनिॲपोलिसमधला एक चौक

मिनिॲपोलिसला येणारे आपले लोक मॉल ऑफ अमेरिका बघतात, मिनेहाहा धबधब्यापाशी फोटो काढतात आणि परततात. माझ्या यादीत एक चौकही होता. ईडन प्रेरीतल्या मावसबहिणीने विचारलं, "तिकडे बघायला काय आहे गं?" तसं खरंच फार काही नाही. मॉलपासून डी लाइन बस शिकागो अव्हेन्यूने जाते. थोडं अलीकडेच उतरले आणि चालत ३८व्या रस्त्यापर्यंत गेले.

चौकात आवळलेल्या मुठीचं मोठं पोलादी शिल्प, भोवती फुलं, मेणबत्त्या, पावसाने रंग गेलेली खेळणी. कोपऱ्यावरचं दुकान तेव्हा कप फूड्स होतं. २५ मे २०२० रोजी वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून इथे पोलीस आले आणि त्यांच्यातल्या डेरेक शॉव्हिनने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला. ९ मिनिटं २९ सेकंद. त्यात फ्लॉइडचा जीव गेला. मी फोनवर तेवढी वेळ लावून उभी राहिले. एक कुटुंब आलं, फोटो काढून गेलं, दोघे सायकलवाले थांबून गेले, तरी वेळ संपेना.

जवळच्याच एका मैदानात पोलिसांच्या हातून मेलेल्या कृष्णवर्णीयांच्या नावाचे पांढरे फलक थडग्यांसारखे रोवलेत. फिलँडो कॅस्टीलच्या नावापाशी मी रेंगाळले. तो सेंट पॉलमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायचा. वाहतुकीच्या कारणांसाठी पोलिसांनी त्याला तोवर चाळीसहून अधिक वेळा अडवलं होतं. जुलै २०१६ मध्ये पुन्हा अडवल्यावर आपल्याकडे परवान्याची बंदूक असल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं, आणि काही सेकंदांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांच्या गाडीतला कॅमेरा चालू होता. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने पुढचं सगळं फोनवरून थेट दाखवलं. तरीही २०१७ मध्ये तो अधिकारी निर्दोष सुटला.

म्हणून फ्लॉइडच्या बाबतीत 'व्हिडिओ होता म्हणून न्याय झाला' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये घालून दिलेला निकष असा, की बळाचा वापर नंतर शांतपणे विचार करून नव्हे, तर त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून तोलायचा. 'जिवाची भीती वाटली' एवढं ज्यूरीला पटलं की काम झालं. शॉव्हिनला ती पळवाट नव्हती. नऊ मिनिटं कुणी दचकत नाही. शिवाय खुद्द शहराचे पोलीसप्रमुख मेडारिया अराडोंडो त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. आपल्याकडे एन्काउंटरच्या खटल्यात असं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा! शॉव्हिनला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

त्याआधी, ड्यूटीवर असताना केलेल्या खुनासाठी मिनेसोटात दोषी ठरलेला पहिला पोलीस अधिकारी होता मोहम्मद नूर, सोमाली वंशाचा. त्याच्या गोळीने २०१७ मध्ये मेलेली जस्टिन डेमंड गोरी होती. आपणच फोन करून बोलावलेल्या पोलिसांच्या गाडीपाशी ती आली होती. नूरचा गुन्हा गंभीरच, त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. (पुढे खुनाचा ठपका रद्द झाला, सदोष मनुष्यवधाचा राहिला.) पण भीतीचं कारण त्यानेही पुढे केलं होतं. एकाच महानगरातल्या ज्यूरींना कॅस्टीलवर गोळ्या झाडणाऱ्याची भीती खरी वाटली, नूरची नाही.

रात्री जेवताना हे सांगितलं तर भावोजी म्हणाले, "प्रत्येक केस वेगळी असते." असतेच. मावसबहिणीने मात्र त्यांना विचारलं, "तुम्हाला इतक्या वर्षांत पोलिसांनी किती वेळा थांबवलंय?"

"दोनदा," ते म्हणाले.