राजारामपुरीपासून किती मिनिटं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबसाठी मी सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. साध्या नळीतल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. ते थांबवायला फ्लोराइडची नळी असते. पण बाकी तपासण्यांचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, दोन तासांच्या आत पेशींपासून वेगळं व्हायला हवं. गेल्या हिवाळ्यात एका आजींचं पोटॅशियम वाढलेलं आलं. पुन्हा नमुना घेतला तर व्यवस्थित! पहिली नळी माझ्या पेटीत पावणेतीन तास फिरली होती. त्यांची शीर मुळातच सापडत नाही, त्यात दोनदा टोचलं. ते मनातून जाईना.

मामांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यांना माझा रोजचा मार्ग दाखवला, तर म्हणाले, "किलोमीटर कशाला धरून बसलास? मिनिटं मांड की." 1881 साली फ्रान्सिस गाल्टननं लंडनहून जगात कुठं किती दिवसांत पोहोचता येतं, ते नकाशावर रंगांनी दाखवलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मला त्यांनी कार्टोग्राम करायला लावला: दिशा खरी ठेवायची, अंतर मात्र वेळेचं.

महिनाभर वहीत निघाल्या-पोहोचल्याची वेळ लिहिली. प्रत्येक ठिकाणाच्या वेळा चढत्या क्रमानं लावून मधली घेतली. सरासरी घेतली असती तर एका पंक्चरनं सगळं बिघडलं असतं. मग ड्रॉइंगच्या कागदावर मधोमध लॅब, ओपनस्ट्रीटमॅपच्या छापील नकाशावरून कोनमापकानं दिशा आणि एका मिनिटाला 3 मिलिमीटर. दर दहा मिनिटांवर एक वर्तुळ.

ठिपके पडत गेले तसं माझं कोल्हापूरच बदललं. गोकुळ शिरगाव महाद्वार रोडच्या तिप्पट लांब, पण हायवेनं 17 मिनिटं. महाद्वार रोडला शुक्रवारी, अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत, 19!

पहिल्याच आठवड्यात फसलो. फुलेवाडी आणि वडणगे कागदावर शेजारी दिसले, म्हणून लागोपाठ ठेवले. मध्ये पंचगंगा आहे. गंगावेशीत परत येऊन शिवाजी पुलावरून जावं लागलं. असा नकाशा फक्त मधल्या बिंदूपासूनच खरा असतो, दोन ठिपक्यांमधलं अंतर त्यावर मोजायचं नाही. त्यासाठी आता मागच्या बाजूला गावागावांमधल्या मिनिटांचा तक्ता काढलाय.

खरा फायदा झाला तो क्रमाचा. पूर्वी जवळच्या घरापासून सुरुवात करायचो, म्हणजे पहिली नळी जाऊन-येऊन सगळी फेरी करायची. आता रिकामी पेटी घेऊन आधी बाहेरच्या वर्तुळावर जातो आणि नमुने घेत आत येतो. नळीचं घड्याळ टोचल्यावर सुरू होतं, मी निघाल्यावर नाही. त्यामुळं सगळ्यात जुना नमुनाही दीड तासाच्या आत लॅबमध्ये पोहोचतो. फक्त उपाशीपोटी थांबलेल्या जवळच्या पेशंटना आदल्या संध्याकाळी फोन करून उशिराची वेळ द्यावी लागते.

पावसाळ्याचा कागद वेगळा आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 धोक्याची. नदीकाठच्या प्रयाग चिखलीचा ठिपका त्या कागदावर पेन्सिलीनं काढलाय, आणि तिथले नमुने मी नदी 35 फुटांवर असतानाच घेऊन येतो.